मिक्सरमधून आम्हाला एक वायर द्या : सोलापुरातल्या उत्सव मंडळांना खुलं पत्र

प्रति,
सोलापूर शहरातल्या गणेशोत्सव, नवरात्र, शिवजयंती, भीमजयंती आणि यात्रा-उरूस मंडळांचे उत्सव अध्यक्ष, ट्रस्टी, आधारस्तंभ, आणि रात्री दोनपर्यंत मंडपात खरोखर राबणारी पोरं,

सप्रेम नमस्कार, जय शिवराय, जय भीम, सलाम, शरणु शरणार्थी.

लेझमाचा सराव सुरू झालाय. रात्री आठला कारखाना सुटल्यावर कन्ना चौकातून घराकडे निघालो की तीन ठिकाणी गाडी हळू करावी लागते. शाळेतली पोरं-पोरी, त्यांना डाव शिकवणारे पन्नाशीतले काका, आणि कडेला हलगी शेकायला पेटवलेले कागद. शेकून झाल्यावर हलगीवर जो पहिला ठोका पडतो, तो ऐकायला मी गाडी बंद करून थांबतो. घरी उशीर झाला म्हणून बोलणी खातो ती वेगळी. हे पत्र त्या ठोक्यापायी लिहायला घेतलंय. असं गाणं-वाजवणं आमच्या इंटरनेटवरच्या रेडिओसाठी रेकॉर्ड करायला तुमच्या साऊंडच्या मिक्सरमधून एक वायर हवीय.

आधी मी कोण ते सांगतो. मी यंत्रमाग कारखान्यात जॉबर आहे. माग बिघडला की ज्याला हाक मारतात तो. पंचवीस वर्षं झाली. चाळीस माग एकदम खडखडत असले तरी कुठल्या मागाचा धोटा नीट बसत नाही ते मला दारातनंच कळतं. त्यात हुशारी काही नाही, कान तसा झालाय. घरात तेलुगू, शाळेत मराठी, हाताखालचा पोरगा कन्नड बोलणारा, चहावाला दखनी. पूर्वभागात, म्हणजे सोलापूरच्या या तेलुगू विणकरांच्या वस्तीत, यात कुणाला काही नवल वाटत नाही.

रात्री जेवण झालं की आम्ही सातजण मिळून इंटरनेटवर एक रेडिओ चालवतो. बँकेतली एक ताई, इंजिनिअरिंगची दोन पोरं, एक निवृत्त गुरुजी, एक रिक्षावाला, एक मंडप कॉन्ट्रॅक्टर आणि मी. पगार कुणालाच नाही, जाहिरात घेत नाही. सर्व्हरचं भाडं वर्गणीतून भरतो. वर्गणी मागायला आम्ही तुमच्याकडूनच शिकलो, फक्त पावतीपुस्तक घेऊन कुणाच्या दुकानात ठाण मांडत नाही. या रेडिओवर सोलापूर आणि आजूबाजूच्या तालुक्यांतलं गाणं-वाजवणं लागतं, दुसरं काही नाही.

तुमच्यातल्या एका अध्यक्षांनी मला विचारलं होतं, "रेडिओ म्हणतोस, मग टॉवर कुठाय बे तुझा?" टॉवर नाही, अण्णा. गुरुजींच्या घरी माडीवर एक जुना कॉम्प्युटर आहे. त्यातून आवाज एका सर्व्हरवर जातो, तिथे आइसकास्ट नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम बसवलाय, आणि तो ऐकणाऱ्याच्या मोबाइलवर आवाज वाटत बसतो. आम्ही ६४ किलोबिटवर सोडतो, म्हणजे तासाला साधारण २९ एमबी. चोवीस तास चालू ठेवलं तरी सातशे एमबी. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये बसून निम्म्याच्या वर उरतं. यापेक्षा जास्त तर तुमच्या मंडळाच्या ग्रुपवरचे 'शुभ सकाळ' खातात.

एफएम का नाही, हा पुढचा प्रश्न. तेही शोधून झालं. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे असं म्हटलं. तरी सामाजिक संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवायला परवानगी मिळायला २००६ उजाडावं लागलं. त्यानंतर माणदेशात म्हसवडला बायकांनी असा रेडिओ उभा करून दाखवला. तेलंगणात पस्तापूरजवळ माचनूरला दलित बायकांनी २००८ मध्ये. पण त्यासाठी नोंदलेली संस्था लागते, तिला तीन वर्षं झालेली लागतात, ट्रान्समीटर लागतो, मनोरा लागतो. आमची संस्था म्हणजे अजून गुरुजींची माडी आणि त्यांच्या मंडळींचा चहा. म्हणून इंटरनेट. आकाशवाणीच्या सोलापूर केंद्राशी आमची काही स्पर्धा नाही. आमच्यातल्या निम्म्यांचे कान तिथंच तयार झालेत.

आता खरी अडचण सांगतो, आणि ती नीट ऐका, कारण तुमच्याशी संबंध तिथूनच येतो.

आम्हाला वाटलं होतं, रेडिओ म्हणजे गाणी लावायची. लावता येत नाहीत. पिक्चरचं किंवा कंपनीचं गाणं वाजवायचं तर हक्काचे पैसे मोजावे लागतात, आणि ते बरोबरच आहे, कुणीतरी ते बनवलंय. पण आकाशवाणीला आणि खासगी एफएमला कायद्यात एक सोय आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१-ड प्रमाणे ठरलेला दर भरला की वाजवता येतं, प्रत्येक कंपनीच्या दारात जावं लागत नाही. ही सोय इंटरनेटवाल्यांना नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तसा निकाल दिला आणि २०२२ मध्ये खंडपीठाने तो कायम ठेवला. ते भांडण मोठ्या कंपन्यांचं होतं, सातजणांच्या रेडिओचं नव्हतं. पण छत्री त्यांनी मिटली आणि भिजलो आम्ही.

मग आमच्या हातात काय उरलं? ज्याच्यावर कुणाचा हक्क उरलेला नाही ते, आणि ज्याचा हक्क आहे तो माणूस स्वतः देतो ते. राम जोशी सोलापूरचेच. त्यांना जाऊन दोनशे वर्षं होऊन गेली, त्यांच्या लावण्या कुणीही गाव्यात. शाहीर अमर शेख बार्शीचे. ते १९६९ साली गेले, म्हणजे त्यांनी लिहिलेलं २०२९ संपेपर्यंत हक्काखाली आहे, २०३० च्या एक जानेवारीला मोकळं होईल. आमच्या ताईंनी ती तारीख भिंतीवर लिहून ठेवलीय. जात्यावरच्या ओव्या, धनगरी ओव्या, सुंबरान, अक्कलकोटकडची कन्नड भजनी पदं, मोहरमच्या सवारीपुढची रिवायत म्हणजे शोकाची गाणी, पूर्वभागातली बतुकम्माची गाणी, हे सगळं आपलं, ज्याला येतं त्याचं. म्हणजे गंमत बघा, कायद्याने आमची सगळी दारं लावली आणि एकच उघडं ठेवलं, ते नेमकं आपल्याच गल्लीत उघडतं.

आणि त्या दारात तुम्ही उभे आहात. कारण ही गाणी आता वर्षातून ज्या चार-दोन रात्री मोठ्याने म्हटली जातात, त्या तुमच्या मंडपापुढे.

गेल्या वर्षीची गोष्ट. मंडळाचं नाव घेत नाही, त्यांनी बोलावलं होतं तेच खूप. कार्यक्रम होता कन्नड भजनाचा. दक्षिण सोलापूरकडची मंडळी, पेटी, डग्गा-तबला, टाळ आणि एक म्हातारे अप्पा, ज्यांचा आवाज वर चढला की टाळवाले टाळ वाजवायचे विसरायचे. आम्ही मिक्सरवाल्याला म्हटलं, मागून एक वायर घेऊ दे. तो म्हणाला, "अध्यक्षाला विचार बे, मला काय सांगलालास." अध्यक्ष स्टेजवर, हातात शाल, समोर सत्काराला उभी असलेली रांग. पाऊण तास आम्ही जिन्याशी उभे होतो. शेवटी आमच्यातल्या पोराने मोबाइल स्पीकरपुढे खुर्चीवर ठेवला.

दोन तासांचं रेकॉर्डिंग आलं. घरी बसून ऐकलं. त्यात जनरेटर आहे, शेजारच्या गल्लीचा स्पीकर आहे, 'यांचं मंडळातर्फे सहर्ष स्वागत' हे एकोणीस वेळा आहे, मी मोजलंय. भजन सलग ऐकू येतं ते अकरा मिनिटं, तेही फाटलेलं. या वर्षी पुन्हा विचारायला गेलो तर कळलं, अप्पा मुलाकडे पुण्याला राहायला गेले. फ्लॅट अकराव्या मजल्यावर आहे, सोसायटीत भजन चालत नाही. भजनी मंडळ पेटी कपड्यात बांधून गप्प आहे. एक वायर मिळाली असती तर ती रात्र राहिली असती. राग नाही, मिक्सरवाल्याचाही नाही. त्याला कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

आमच्या चुकाही सांगतो, नाहीतर म्हणाल हे फक्त दुसऱ्यांना बोलतात. पहिली चूक माझीच.

माझी अम्मा विड्या वळते. पासष्टीच्या पुढं गेलीय, बोटं वाकडी झालीत, पण सूप मांडीवर घेतल्याशिवाय तिला करमत नाही. नवरात्रात आमच्या वाड्यात बतुकम्मा करतात. फुलांचा ढीग मधे, भोवती बायका टाळ्या वाजवत फिरतात, एक ओळ एकीने म्हणायची आणि 'उय्यालो' सगळ्यांनी. अम्माला यातली कितीतरी गाणी येतात, मला निम्म्यांचा अर्थही लागत नाही. एका दुपारी तिला म्हटलं, बसल्या बसल्या म्हण. तिच्या दोन मैत्रिणी होत्या, त्याही वळतच होत्या. मी रेकॉर्डर सुपाजवळ ठेवला. सुंदर म्हटलं तिघींनी. मधे पान कापायच्या कात्रीचा आवाज, कट कट, अगदी तालात नाही, पण तालाच्या मागं मागं.

रात्री मी बसून साफसफाई केली. तिसऱ्या कडव्याला बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला होता, लांबलचक. ते कडवं काढून टाकलं, सांधा असा बेमालूम जुळवला की आमच्या इंजिनिअर पोरांनाही कळलं नाही. कापड रफू करावं तसा. दुसऱ्या दिवशी अम्माला मोबाइलवर ऐकवलं. ती विडीचा धागा गुंडाळता गुंडाळता ऐकत होती. सांधा आला तशी हात थांबवून म्हणाली, "मूडोदि येक्कड पोयिंदि?" तिसरं कुठं गेलं?

मी हॉर्नचं सांगितलं. ती म्हणाली, तिसऱ्यात पोरगी माहेरी पोचते. तू तिला वाटेतच सोडलीस.

तेव्हापासून आमचा नियम आहे, गाण्याला कात्री लागणार नाही. हॉर्न असू दे, कुत्रं असू दे, कुकरची शिट्टी असू दे. सत्काराला मात्र लावतो, आणि भाषणाला तर लावतोच. त्याबद्दल सर्व मान्यवरांची आगाऊ माफी मागतो.

एक तक्रार आमच्याकडे वारंवार येते, तिचंही उत्तर इथंच देऊन टाकतो. मराठी मुलखातल्या रेडिओवर कन्नड आणि तेलुगू कशाला? विचारणारे बहुतेक जण जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेला, गड्ड्यावर असतात. सात नंदीध्वजांना खांदा देतात, अडुसष्ट लिंगांच्या वाटेवर 'हर्र बोला हर्र' म्हणतात. त्या यात्रेच्या पहिल्या दिवसाला काय म्हणतो आपण? यण्णीमज्जन. यण्णी म्हणजे तेल, आणि तो शब्द कन्नड आहे. ज्या सिद्धरामेश्वरांच्या नावाने हे शहर हात जोडतं, त्यांची वचनंही कन्नडच. त्यांना चालतं, मला आणि तुम्हाला न चालायला काय झालं?

तर मागणं काय आहे.

तुमच्या मिक्सरच्या मागे किंवा वरच्या कोपऱ्यात दोन छोटी भोकं असतात, बहुतेक एक लाल, एक पांढरं. शेजारी 'रेक' किंवा 'टेप आउट' लिहिलेलं असतं. ती सहसा वर्षभर रिकामीच असतात. त्यातून आवाज फक्त बाहेर येतो, आत काही जात नाही, त्यामुळे आमच्या वायरीने तुमचा स्पीकर बंद पडणार नाही, आवाज कमी होणार नाही. साऊंडवाल्यांना ही भीती असते आणि ती मी समजू शकतो. कुणी माझ्या मागाला हात लावला तर मीही ओरडतो. जनरेटरवर चाललं असेल तर वायरीत घूं असा आवाज शिरतो, त्यासाठी मधे लावायची छोटी डबी आमच्याकडे आहे. हलगी, ढोल, झांज बहुतेक ठिकाणी माइकवर नसतातच, त्यांच्यासाठी आमचा एक माइक आम्ही खांबाला बांधू. स्टेजवर येणार नाही, फोटोत येणार नाही, बॅनरवर नाव नको.

थेट प्रक्षेपण करणार नाही. विसर्जनाच्या दिवशी रस्त्यावर इतके मोबाइल असतात की साधा मेसेज जात नाही, तिथं रेडिओ कुठला जायला. रेकॉर्ड करून नेऊ आणि दोन-चार दिवसांत लावू.

दुसरं, सहीचं. हे थोडं नाजूक आहे. अध्यक्षांची परवानगी आम्हाला लागते ती मंडपात यायला. पण गाणाऱ्याच्या आवाजावर हक्क गाणाऱ्याचाच असतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे तो पन्नास वर्षं टिकतो, आणि त्याच्या मर्जीशिवाय ते रेकॉर्ड करून वाजवता येत नाही, मग मानधन कुणीही दिलेलं असो. म्हणून आमच्याकडे अर्ध्या पानाची एक चिठ्ठी आहे, मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दूत. त्यावर गाणाऱ्या-वाजवणाऱ्याची सही किंवा अंगठा लागतो. त्यात लिहिलंय की आम्ही हे विकणार नाही, दुसऱ्या कुणाला देणार नाही, आणि उद्या त्यांनी काढा म्हटलं तर काढू. असं एकदा झालंय. एका बाईंच्या सासरी आवडलं नाही, आम्ही त्याच रात्री काढलं. गाणं नवं असेल आणि कुणी गल्लीतल्याच माणसाने रचलं असेल तर त्याचीही सही. पिक्चरच्या चालीवरचं असेल तर मात्र आम्हाला घेता येणार नाही. तुम्ही खुशाल म्हणा, आम्ही तेवढ्यात चहा पिऊन येतो.

डीजेचा विषय मी मुद्दाम काढत नाही. त्यावर बोलायला शहरात माणसं पुष्कळ आहेत आणि सगळी माझ्यापेक्षा मोठ्याने बोलतात.

पण एक विनंती आहे, ती वायरीपेक्षाही सोपी. निवेदकाच्या हातात माइक असतो तेव्हा वाजवणाऱ्यांची नावं घ्या. त्या भजनाच्या रात्री एकोणीस स्वागतांमध्ये तबलेवाल्याचं नाव एकदाही आलं नव्हतं. भजनातल्या टाळवाल्यांचं नाही, पेटीवाल्याचं नाही. आम्ही नंतर विचारत फिरलो, तर त्याच मंडळातल्या एकाने सांगितलं, "ते होय, ते येतेत की दरवर्षी." दरवर्षी येतात आणि नाव माहीत नाही. आमच्याकडे अशी कितीतरी रेकॉर्डिंगं आहेत, ज्यांच्यापुढे नावाच्या जागी आम्ही नुसतं 'हलगी, नवी पेठेजवळ' असं लिहून ठेवलंय. तुम्ही माइकवर एकदा नाव घेतलं की ते आपोआप रेकॉर्डिंगमध्ये जातं, वेगळं लिहायला नको.

बदल्यात काय देणार? पैसे नाहीत. प्रत्येक कार्यक्रमाची साफ प्रत पेनड्राइव्हवर, एक मंडळाला, एक गाणाऱ्याला. गाणाऱ्याची आधी. आणि पुढच्या वर्षी कार्यक्रम ठरवताना कुणाला बोलवावं हे सुचत नसेल तर आमच्याकडे येऊन ऐका. मोडनिंबच्या बाजूची एक ढोलकी ऐकवीन, तुम्ही सुपारी देऊनच उठाल.

मंडळं खूप आहेत आणि आम्ही सात, त्यातले दोघे परीक्षेच्या दिवसांत मिळत नाहीत. त्यामुळे सगळीकडे येता येणार नाही. ज्या मंडळात गाणं-वाजवणं आहे त्यांनी प्रतिष्ठापनेच्या आधी निरोप धाडावा. बतुकम्मा, भजन, शाहिरी, जलसा, लेझमाची हलगी, काहीही. वेळ रात्री नऊनंतरची चालेल, त्याआधी कारखाना असतो. वायर, पिना, डबी, सेल, चिकटपट्टी सगळं आमचं आम्ही आणतो.

तुम्ही फक्त साऊंडवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा, की एक जॉबर येईल, त्याला मिक्सरच्या मागं जाऊ दे.

तुमचा,
पूर्वभागातला एक जॉबर
(आणि माडीवरचे इतर सहाजण)